निवडणूक चिन्ह: पक्षाचे की आयोगाचे?

2022 ते 2024 या दोन वर्षांत महाराष्ट्रातले शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन मोठे पक्ष फुटले. धनुष्यबाण आणि घड्याळ एका गटाकडून दुसऱ्याकडे गेले, मशाल आणि तुतारी नव्याने आली. त्या वेळी चिन्ह चोरल्याची भाषा सर्रास वापरली गेली. कायद्याच्या नजरेत मात्र चिन्ह पक्षाच्या मालकीचे नसतेच. निवडणूक आयोग ते राखून ठेवतो, देतो, गोठवतो आणि काढूनही घेतो.

सुरुवात 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून करावी लागते. मतदार 17 कोटींहून अधिक, आणि 1951 च्या जनगणनेनुसार साक्षरता जेमतेम 18 टक्के. नाव वाचून मत देणे बहुसंख्यांना शक्यच नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र मतपेटी दिली आणि पेटीवर त्याचे चिन्ह डकवले. मतपत्रिकेवर ना नाव होते ना चिन्ह, आणि शिक्काही मारायचा नव्हता. आडोशामागे जायचे आणि हव्या त्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा. बाहेरचे चित्र कुणी फाडले किंवा बदलले तरी पेटी कोणाची हे कळावे म्हणून चिन्हाचा एक कागद पेटीच्या आतही असे. सात उमेदवार असले की सात पेट्या, शिवाय लोकसभेच्या वेगळ्या आणि विधानसभेच्या वेगळ्या. देशभर मिळून सुमारे 25 लाख पेट्या लागल्या. त्यातल्या 12 लाखांहून अधिक मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

या पद्धतीचे दोष लगेच दिसले. काही मतदार कागद पेटीत टाकण्याऐवजी पेटीवर ठेवून निघून जात. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणता येई आणि विकता येई. विकत घेणारा अशा चार-पाच पत्रिका आपल्या मतासोबत एकाच पेटीत सरकवू शके. आडोशामागे कोण काय टाकतो हे पाहायचे नसल्याने पकडणार तरी कोण? म्हणून 1960-61 मध्ये केरळ आणि ओडिशात एकाच मतपत्रिकेवर सगळी नावे व चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत वापरून पाहिली गेली, आणि 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती आली. पेटीवरचे चित्र कागदावर उतरले ते इथे.

पुढे शिक्क्यासाठी जी बाणांची फुली रूढ झाली, तिच्या आकारालाही कारण आहे. तिची चारही टोके एकाच फिरत्या दिशेने वळलेली असतात. पत्रिकेची घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या उमेदवाराच्या चौकटीतही उमटते. पण हा दुसरा ठसा उलट फिरलेला दिसतो, त्यामुळे मूळ ठसा कोणता हे मोजणाऱ्याला कळते. साध्या फुलीने असे मत बाद होण्याचीच शक्यता जास्त.

चिन्हे कोणती द्यायची, याचा निकष पहिल्याच वेळी ठरला: वस्तू ओळखीची हवी, एकमेकींपासून सहज वेगळी दिसणारी हवी, आणि तिला धार्मिक किंवा भावनिक वलय नको. गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा वर्ज्य होते. नांगर बऱ्याच पक्षांना हवा होता, म्हणून तो कोणालाच दिला नाही. काँग्रेसला जू घातलेली बैलजोडी मिळाली, समाजवाद्यांना झाड, जनसंघाला दिवा, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. आज काँग्रेसची ओळख असलेला हात त्या निवडणुकीत नागपूरचे कामगार नेते आर. एस. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाकडे होता. चिन्ह वंशपरंपरेने चालत नाही, याला याहून चांगला दाखला नाही.

1968 च्या ‘निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेशा’ने या सगळ्याला लेखी चौकट दिली. मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हे राखीव, उरलेली मुक्त, म्हणजे अपक्ष आणि इतर पक्षांसाठी. पक्षफुटीचा निर्णय परिच्छेद 15 खाली. या परिच्छेदाची कसोटी लगेच लागली. 1969 मध्ये काँग्रेस फुटली. जानेवारी 1971 मध्ये आयोगाने जगजीवनराम अध्यक्ष असलेल्या गटाला, म्हणजे इंदिरा गांधींच्या बाजूला, मूळ काँग्रेस मानले. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्याने त्या वर्षीच्या निवडणुकीत बैलजोडी कोणालाच वापरता आली नाही. इंदिरा गटाला गाय-वासरू मिळाले, विरोधी गटाला, म्हणजे संघटना काँग्रेसला, चरखा चालवणारी स्त्री. वीस वर्षांपूर्वी गाय आणि चरखा दोन्ही भावनिक म्हणून बाद केले होते, हे तेव्हा कोणाला आठवले की नाही, कोण जाणे. नोव्हेंबर 1971 मध्ये ‘सादिक अली’ खटल्यात न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. संघटना आणि विधिमंडळ यांत बहुमत कोणाचे, ही कसोटी योग्य ठरवली आणि चिन्ह ही सहमालकांत वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, असेही स्पष्ट केले. 17 फेब्रुवारी 2023 ला धनुष्यबाण शिंदे गटाकडे आणि 6 फेब्रुवारी 2024 ला घड्याळ अजित पवार गटाकडे गेले, त्या निर्णयांची मुळे या निकालात आहेत. दोन्ही वेळी संघटनेतले बहुमत विश्वासार्हपणे मोजता येत नाही म्हणून आमदार-खासदारांच्या संख्येवर भर दिला गेला. टीकाही यावरच झाली, आणि ती अगदी बिनबुडाची नाही.

1978 मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा गाय-वासरूही गेले आणि हात आला. नांगराने तर मागच्या दाराने प्रवेश केला: 1977 मध्ये जनता पक्ष भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढला, ते होते चक्रातला नांगरधारी शेतकरी.

चित्रे काढण्याचे काम आयोगात साधेपणाने चाले. एम. एस. सेठी हे आरेखक 1992 मध्ये निवृत्त होईपर्यंत एचबी पेन्सिलीने ती रेखाटत, आणि त्यांची अनेक चित्रे अजून यादीत आहेत. कंगवा, शिट्टी, बादली, शिवणयंत्र अशा घरगुती वस्तूंचा भरणा त्यात आहे. नवे प्राणी-पक्षी मात्र देणे बंद झाले, कारण प्रचारात जिवंत जनावरे मिरवली जात आणि त्यांचे हाल होत. जुने हत्ती आणि सिंह टिकले. गोव्यातल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह त्यातलाच.

प्रत्यक्ष वाटपात चूक होते ती बहुधा कागदपत्रांत. अधिकृत उमेदवार कोण हे पक्षाने कळवण्याचे ए आणि बी फॉर्म उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचले नाहीत, तर तो पक्षाचा उमेदवार धरला जात नाही आणि राखीव चिन्ह हातचे जाते. अपक्षाने अर्जातच मुक्त यादीतली तीन चिन्हे पसंतीक्रमाने लिहायची असतात. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर वाटप होते आणि दोघांना एकच चिन्ह हवे असेल तर बहुतेक वेळा चिठ्ठी टाकतात. म्हणजे चिन्ह हाती पडल्यापासून मतदानापर्यंत छपाई, फलक आणि ओळख पटवणे यांसाठी जेमतेम दोन आठवडे उरतात. मान्यता नसलेल्या पक्षांची खरी अडचण हीच. वंचित बहुजन आघाडी 2019 मध्ये लोकसभेला कप-बशीवर लढली आणि त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडरवर.

ऑक्टोबर 2022 मध्ये धनुष्यबाण गोठवल्यावर दोन्ही गटांनी नवे पर्याय दिले. त्रिशूळ धार्मिक म्हणून नाकारले गेले, उगवता सूर्य तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाचा म्हणून. ठाकरे गटाला मशाल मिळाली, शिंदे गटाला ढाल-तलवार. शिवसेनेला यातले काही नवे नव्हते. 1989 मध्ये धनुष्यबाण मिळण्याआधी ती वेगवेगळ्या चिन्हांवर लढली होती आणि 1985 मध्ये छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आले होते.

शरद पवार गटाला 22 फेब्रुवारी 2024 रोजी ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला. मुक्त यादीत ट्रम्पेट आधीपासून होते आणि मराठीत तेही ‘तुतारी’ म्हणूनच छापले गेले. पक्षाने प्रचार माणसाचा नव्हे, तुतारीचा केला, आणि मतदान यंत्रावरच्या छोट्या चौकटीत तुतारीपेक्षा माणूसच जास्त जागा घेत होता. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले पवार गटाच्या उमेदवाराविरुद्ध 32,771 मतांनी जिंकले. ट्रम्पेटवरच्या अपक्षाला 37,062 मते पडली. दिंडोरीत तसल्याच अपक्षाने लाखावर मते घेतली, तरी पवार गटाचे भास्कर भगरे निवडून आले. ती सगळी मते चुकूनच पडली असे म्हणता येणार नाही. पण अनोळखी अपक्षाला एवढी मते पडण्यामागे चिन्हांतला सारखेपणा हे एक पटणारे कारण आहे. पक्षाने ट्रम्पेट यादीतून काढायची मागणी केली. विधानसभेच्या वेळी आयोगाने तुतारी वाजवणाऱ्या माणसाचे चित्र पक्षाच्या पसंतीने अधिक ठळक करून दिले, ट्रम्पेट मात्र यादीत राहू दिले.