मैदा कपाने मोजताय? मग हे एकदा वाचा

आमच्या दुकानातून मेजरिंग कप नेलेली गिऱ्हाइकं परत आली की ठरलेला प्रश्न असतो, रेसिपी तीच, ओव्हन तोच, मग मागच्या वेळी केक कापसासारखा झाला आणि या वेळी घास घशात अडकतोय असं का? ओव्हनला शिव्या घालायच्या आधी कप कसा भरलात ते आठवा.

मैदा दाबला जातो, सगळा घोळ इथेच आहे. डबा चार दिवस नुसता ठेवला तरी तळाचं पीठ घट्ट बसतं, आणि आपण काय करतो तर कप सरळ डब्यात खुपसतो, वर आलेला ढीग हाताने सपाट करतो, म्हणजे अजून थोडा दाबतोच. हलक्या हाताने चमच्याने भरलेल्या कपात साधारण १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो, खुपसून भरलेल्यात १५० पर्यंत सहज जातो. एका कपाला वाटतं की चालेल तेवढं, पण ब्रेडची ३ कपांची रेसिपी असली की ३६० च्या जागी ४५० ग्रॅम पडतो, म्हणजे जवळपास पाऊण कप जास्तीचा, तोही आपल्या नकळत. त्याच ब्रेडमध्ये पाणी २४० ग्रॅम असेल तर एकीकडे ते मैद्याच्या ६७ टक्के होतं आणि दुसरीकडे ५३, पहिला गोळा मऊ आणि दुसरा मळता मळता मनगट दुखेल असा.

कपानेच मोजायचं असेल तर आधी डब्यातला मैदा काट्याच्या चमच्याने हलवून मोकळा करा, मग चमच्या-चमच्याने कपात टाका, शीग येऊ द्या आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग काढून टाका. कप ओट्यावर आपटायचा नाही!! ही सवय जाता जात नाही, आमची पण गेलेली नाही. आणि पाणी-दूध मोजायचा खुणांचा जग मैद्याला वापरू नका, तो वरून सपाट करताच येत नाही, मग माणूस हलवतो, ठोकतो आणि परत तेच.

रेसिपी नीट वाचा, "१ कप चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळून मग मोजायचा, "१ कप मैदा, चाळून" म्हणजे आधी मोजून मग चाळायचा. चाळलेल्यात हवा शिरते त्यामुळे कपात कमी बसतो. कप पण सगळीकडे एक नाही, अमेरिकन साधारण २३७ मिलीचा आणि मेट्रिक २५० चा, आणि चहाचा कप म्हणजे तर काहीही. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियन रेसिपीत मात्र २० चा.

आता खरं सांगायचं तर आम्ही कप विकतो तरी मैद्यासाठी वजनकाटाच घ्या म्हणतो. भांडं काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा, मैदा ओता, परत शून्य, साखर ओता, भांडी पण कमी घासायला लागतात. काटा सपाट कडक जागेवर ठेवा, खाली नॅपकिन नको. मैदा अगदी चिमूट-चिमूट टाकला तर काही काट्यांना ते कळतच नाही, आकडा हलत नाही, तेव्हा भांडं एकदा उचलून परत ठेवून बघा. मध्येच फोन आला आणि काटा आपोआप बंद झाला तर आधीचं शून्य गेलं समजा, म्हणून आकडा लगेच लिहून ठेवा. आणि आकडा १-१ ग्रॅमनेच बदलणाऱ्या काट्यावर २-३ ग्रॅम यीस्ट मोजू नका, तिथे अर्ध्या-एक ग्रॅमची चूकसुद्धा मोठी होते, त्याला ०.१ ग्रॅमचा छोटा काटा हवा नाहीतर सरळ मोजायचा छोटा चमचा, म्हणून कपांबरोबर आलेले चमचे टाकून देऊ नका.

कपाच्या रेसिपीचे ग्रॅम करताना ज्याची रेसिपी त्याचाच आकडा धरा, कोणी कपाला १२० धरतं, कोणी १४०, दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि घरची जमलेली रेसिपी असेल तर नेहमी भरता तसाच कप भरा, खुपसून तर खुपसून, फक्त या वेळी तो काट्यावर रिकामा करा आणि जो आकडा येईल तो रेसिपीच्या कागदावर पेनने लिहून टाका.