परागकण व जैवनिर्देशकांवरून पुराहवामान (लडाख)

तलावाच्या तळाशी थरांनी साचलेल्या गाळातून हजारो वर्षांपूर्वीचे हवामान ताडण्याची पद्धत. स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ मध्ये परागकणांची टक्केवारी मांडून तिचा पाया घातला. लडाखमध्ये चांगथांग पठारावरील त्सो कार व त्सो मोरिरी या सुमारे ४,५०० मी. उंचीवरील तलावांतून असे गाळस्तंभ काढले गेले आहेत.

गाळाचा नमुना हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकला की वाळू विरघळते; परागकणांचे चिवट कवच मात्र टिकते. त्याआधी नमुन्यात लायकोपोडियम या नेचेसदृश वनस्पतीच्या ठरावीक संख्येच्या बीजाणूंची गोळी मिसळतात. मोजणीत त्यांपैकी किती दिसले यावरून मूळ परागांची घनता काढता येते. पाईनचा कण दोन हवापिशव्यांमुळे पटकन ओळखू येतो, पण तोच फसवतो. पठारावर पाईन नाही; वारा तो हिमालयाच्या दक्षिण उतारांवरून आणतो. स्थानिक झुडपांचे पराग मुळात कमी, त्यामुळे या पाहुण्यांचा टक्का उगाच फुगतो.

म्हणून भिस्त असते ती दोन गटांच्या गुणोत्तरावर. आर्टेमिसिया, म्हणजे आपल्या दवण्याची प्रजाती, थोडी ओल असलेल्या गवताळ भूमीत फोफावते. चाकवताच्या कुळातील झुडपे त्याहून रुक्ष, खारट जमिनीत तग धरतात. पहिल्याच्या कणाला तीन खाचा, दुसऱ्याच्या अंगभर बारीक छिद्रे. चाकवतकुळाच्या तुलनेत आर्टेमिसियाचे गुणोत्तर वाढले तर ओलावा वाढला, असा ढोबळ अर्थ. मात्र तलाव आटून किनाऱ्यावर खारट जमीन उघडी पडली, तरी चाकवतकुळाचे कण वाढतात. एकटे गुणोत्तर पुरेसे नाही.

इथे जैवनिर्देशक, म्हणजे सजीवांनी मागे ठेवलेले खुणेचे रेणू, उपयोगी पडतात. पानांवरच्या मेणातील २७, २९, ३१ कार्बन अणूंच्या साखळ्या मुख्यतः जमिनीवरील वनस्पतींच्या, २३ व २५ च्या बहुधा पाणवनस्पतींच्या. त्याच मेणातील ड्युटेरियमवरून (जड हायड्रोजन) वनस्पतींनी शोषलेल्या पाण्याचा माग लागतो. जिवाणूंच्या पेशीपटलातील स्निग्ध रेणूंवरून तापमानाचा अंदाज बांधतात.

या नोंदींनुसार होलोसीनच्या (गेल्या सुमारे ११,७०० वर्षांच्या काळाच्या) पूर्वार्धात उन्हाळी मान्सून जोरात होता व तलाव मोठे होते. पुढे प्रदेश कोरडा होत गेला. त्सो कारभोवती आजच्या पाण्याच्या बऱ्याच वर जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या दिसतात, त्या मोठ्या तलावाच्या काळातल्या.

खरी अडचण कालमापनाची. पाणवनस्पती चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन घेतात, त्यामुळे कार्बन-१४ पद्धतीने गाळाचे वय प्रत्यक्षाहून जास्त येते. तिबेटी पठारावरील काही तलावांत ही तफावत हजारो वर्षांची आहे.