रोमकॉमचा शेवट गोडच असावा लागतो? नाही हो!
फिल्म शिकणाऱ्या पोरापोरींना कायम सांगितलं जातं की शेवटी जोडी जुळली नाही तर ती रोमँटिक कॉमेडीच नाही. हे चूक आहे आणि यापायी चांगल्या स्क्रिप्ट वाया जाताना बघून खरंच वाईट वाटतं.

१९५३चा 'रोमन हॉलिडे' बघा, यात रोममध्ये एक राजकन्या आणि एक पत्रकार प्रेमात पडतात. शेवटी प्रेस कॉन्फरन्समध्ये राजकन्येला आवडतं शहर विचारतात, ती आधी ठरलेलं, सगळ्यांना सांभाळून घेणारं उत्तर द्यायला लागते, मधेच थांबते आणि रोमचं नाव घेते, बास, प्रेमाची कबुली तिथेच झाली, आणि मग तो पत्रकार त्या मोठ्या रिकाम्या हॉलमधून एकटाच चालत बाहेर पडतो. १९७७च्या 'अ‍ॅनी हॉल'मध्येही दोघं वेगळेच होतात, तरी त्याला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं.

मग लागतं काय? दोघांमध्ये खरा अडथळा हवा, नुसता एका फोनवर मिटेल असा गैरसमज नको (हा तर फार कंटाळवाणा प्रकार), आणि हसू त्या अडथळ्यातूनच यायला हवं. 'रोमन हॉलिडे'त दोघंही एकमेकांपासून आपली ओळख लपवतात, म्हणून साध्या गप्पांतही मजा येते. शेवटी ते एकत्र आले नाहीत तरी चालेल, पण एकमेकांमुळे बदललेले दिसायलाच हवेत.