लोकलमधला बॉम्ब आणि लोकलचे रूळ

11 जुलै 2006 म्हटले की मुंबईकराला पुढचे सांगावे लागत नाही. संध्याकाळी अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली. गाड्या त्याच रात्री पुन्हा धावू लागल्या, पण स्टेशनांचे रूप बदलत गेले. 2008 च्या नोव्हेंबरात सीएसटीवर गोळीबार झाला, त्यानंतर मेटल डिटेक्टरच्या चौकटी, बंदूकधारी जवान आणि बेवारस बॅगेबद्दलच्या घोषणा अंगवळणी पडल्या. (चौकट वाजते आणि कुणी वळूनही पाहत नाही, हा भाग वेगळा.)

याच लोकलचा दुसरा हिशेब लोहमार्ग पोलिसांकडे असतो. 2024 मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2,468 मृत्यू नोंदले गेले. यात आजाराने गेलेलेही धरलेले असतात, पण रूळ ओलांडताना उडवले गेलेले आणि गर्दीच्या गाडीतून पडलेले मिळून मोठा वाटा त्यांचाच. महिन्याची सरासरी सुमारे 206. म्हणजे 2006 च्या त्या संध्याकाळी गेली त्याहून जास्त माणसे, दर महिन्याला. आणि दहा वर्षांपूर्वी हा आकडा याहून बराच मोठा होता. 2012 मध्ये रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या अनिल काकोडकर समितीने देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15,000 जण मरतात असे सांगून, कोणताही सुसंस्कृत समाज अशी कत्तल खपवून घेणार नाही, असे लिहिले होते. पेपरात दोन दिवस आले.

भीतीचे हे गणित आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेत 1969 मध्ये अभियंते चॉन्सी स्टार यांनी दाखवले की स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याहून कितीतरी पटींनी सहज सोसतो. पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 'दहशत' हाच घटक मोजला : एका फटक्यात अनेकांना नेणारी, आपल्या हातात नसलेली गोष्ट जास्त भिववते. फाटक चुकवून रूळ ओलांडणारा आपल्या मते आपल्याच हिमतीवर जात असतो. तरी 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण एकदम गेले, तेव्हा लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला गेला. एकेकटे मरणाऱ्यांसाठी लष्कर येत नाही.

मला मात्र कायद्याचीच गंमत वाटते. रेल्वे कायद्यात 'अनुचित घटना' या एकाच व्याख्येत दहशतवादी कृत्य आणि गाडीतून चुकून पडणे, दोन्ही बसवले आहे. भरपाईचा हक्क दोघांनाही. रूळ ओलांडणारा त्यात नाही. त्याच्यासाठी कलम 147 : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अर्थात वाचला तर.