फोन वाजला की नेट का जाते?
(एक्स्टेन्शन लाइनवर ब्रॉडबँड वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"भाऊ, फोन वाजला का नेट जाऊन राहिलं. तुम्ही दिलेला मोडेमच खराब हाय." आठवड्यातून चार-पाचदा तरी हे ऐकतो. मोडेम काउंटरवर ठेवला जातो, आम्ही तो दुकानाच्या लाइनवर लावतो, दोन मिनिटांत डीएसएलचा (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा स्थिर होतो. मग ग्राहक तोच मोडेम घरी नेतात, वरच्या खोलीत लावतात आणि संध्याकाळी पुन्हा फोन. मोडेम चांगला असतो. घोळ घरातल्या वायरीत असतो, आणि बहुतेक वेळा एकाच जागी असतो. ती जागा कोणती, हे दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा छापून दिलेले बरे.

ज्यांच्या घरी फायबर आले आहे त्यांना यातले बहुतेक लागू नाही. त्यांनी लॅन केबलचा, म्हणजे मोडेमपासून पुढे नेट नेणाऱ्या केबलचा, भाग तेवढा वाचावा.

आपल्या नागपुरातली घरे कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. महाल-इतवारीतले जुने घर असो की प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरातले दोन मजली, टेलिफोनची तार खांबावरून येते ती खालच्या बैठकीत. तिथे पहिला डबा, म्हणजे रोझेट. पुढे कधीतरी आजोबांच्या खोलीत फोन हवा म्हणून एक पॅरलल, म्हणजे त्याच तारेचा फाटा, ओढले, मग स्वयंपाकघरात एक, मुलीच्या लग्नाच्या वेळी गच्चीच्या खोलीत एक. प्रत्येक वेळी वायरमन वेगळा, वायर वेगळी, जोड पिळून वर काळी टेप. फोनवर बोलण्यासाठी एवढे पुरते. बोलण्याचा आवाज तारेवर जेमतेम ४ किलोहर्ट्झपर्यंत असतो, आणि तेवढा आवाज कपडे वाळवायच्या तारेवरूनही गेला असता.

ब्रॉडबँड मात्र त्याच दोन तारांवर २५ किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होते. साध्या एडीएसएलमध्ये, म्हणजे तारेवरच्या ब्रॉडबँडच्या जुन्या प्रकारात, ते ११०० किलोहर्ट्झपर्यंत जाते, एडीएसएल२+ या नंतरच्या प्रकारात २२०० पर्यंत. म्हणजे एकाच रस्त्यावर खाली बैलगाडी आणि वर विमान. दोघांना वेगळे ठेवणारी वस्तू म्हणजे स्प्लिटर. मोडेमसोबत मिळणारी ती काडेपेटीएवढी डबी. तिला तीन भोके असतात : लाइन, फोन, मोडेम. तिला वीज लागत नाही आणि ती सहसा बिघडतही नाही. चुकते ती लावायची जागा.

ग्राहक काय करतात? मोडेम वरच्या खोलीत, म्हणून स्प्लिटरही वरच्या खोलीत. वरच्या फोनला स्प्लिटर लागतो, मोडेम सुरू होतो, सगळे खूश. पण खाली बैठकीतला फोन, आजोबांच्या खोलीतला फोन आणि स्वयंपाकघरातला फोन हे तिघे स्प्लिटरच्या आधीच तारेला लटकलेले राहतात. त्यांच्या आणि मोडेमच्या मध्ये काहीच नसते. फोन वाजतो तेव्हा तारेवर घंटीचे साधारण ७५ व्होल्ट येतात. कोणी रिसीव्हर उचलला की लाइनची सगळी वागणूक एका क्षणात बदलते. मोडेमने एक्सचेंजशी जमवून घेतलेला ताळमेळ मोडतो आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवा लुकलुकतो, अर्धा ते दीड मिनिट नेट जाते. तिकडे आजोबांना फोनमध्ये सू-सू असा आवाज येतो, तो वेगळाच.

म्हणून नियम एकच. स्प्लिटर मोडेमजवळ नव्हे, लाइन घरात शिरते तिथे. खांबावरची तार पहिल्या डब्यात येते, तिथून आधी स्प्लिटरच्या 'लाइन' भोकात. त्याच्या 'फोन' भोकातून घरातले सगळे पॅरलल, मग ते दोन असोत की पाच. 'मोडेम' भोकातून एकच वायर, मध्ये कुठेही फाटा न फोडता, थेट वरच्या खोलीत.

हे सांगितल्यावर काही हुशार मंडळी दुसरा स्प्लिटर विकत घेतात. खाली एक, वर एक. आम्हाला विक्री झाली तर नको आहे असे नाही, पण असे करू नका. खालच्या स्प्लिटरच्या 'फोन' बाजूने वर गेलेल्या तारेत ब्रॉडबँड उरलेलेच नसते, ते काढून टाकणे हेच तर त्या बाजूचे काम. मग वर कितीही स्प्लिटर लावा, डीएसएलचा दिवा लागणार नाही. फोनला लावायची लहान फिल्टरची डबी मिळते, ती काही जण मोडेमच्या वायरीत लावतात. त्याचाही परिणाम तोच. फिल्टर फोनला, मोडेमला कधीच नाही.

पहिल्या डब्यापर्यंत पोहोचताच येत नसेल, म्हणजे तो प्लास्टरमध्ये गेला असेल किंवा भाडेकरूच्या खोलीत असेल, तर दुसरा उपाय आहे : घरातल्या प्रत्येक फोनला एकेक फिल्टर. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कॉलर आयडीचा डबा, फॅक्स, कॉर्डलेसचा तळ, दुकान-घर एकत्र असेल तर दुकानातला फोनही. एक जरी सुटला तरी तुम्ही पुन्हा काउंटरवर याल. आणि तीन-चारपेक्षा जास्त फिल्टर झाले की फोनचा आवाज दबतो, त्यामुळे मोठ्या घरात आम्ही हा उपाय टाळतो.

आता आमच्यावरच्या तक्रारीबद्दल. आमचा माणूस येतो तेव्हा पहिला अर्धा तास तो मोडेमला हातही लावत नाही, नुसता वायरी शोधत फिरतो आणि मग एखाददुसरे जुने पॅरलल कापतो. "आमचं चालू होतं ते तोडून ठेवलं", असे आम्हाला ऐकवले जाते. पण ज्या वायरीच्या टोकाला आता फोनच नाही, ती वायर गप्प बसलेली नसते. ब्रॉडबँडचा सिग्नल त्या फाट्यात शिरतो, मोकळ्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलला छेद देतो. विहिरीत ओरडल्यावर प्रतिध्वनी येतो तसे. गणिताने बघायचे तर २०-२५ मीटरचा मेलेला फाटा एडीएसएल२+ च्या वरच्या टोकाचा मोठा तुकडा खाऊन टाकतो. दोन मजले चढून गच्चीच्या खोलीत जाणारी वायर तेवढी सहज भरते. वेगाचा प्लॅन मोठा घेऊनही मिळत काही नाही, त्याचे एक कारण हे. म्हणून आम्ही फाटा कापतो, टोके वेगळी करून ठेवतो आणि कोणता कापला ते कागदावर लिहून देतो. पुन्हा जोडायचा असेल तर स्प्लिटरच्या फोन बाजूला जोडून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

भेटीचे पैसे आम्ही घेतो आणि ते मोडेम आमच्याकडून घेतला असला तरी घेतो. कारण मोडेमची हमी मोडेमची असते, तुमच्या घरातल्या वीस वर्षांच्या वायरीची नसते. पण खालची परीक्षा तुम्ही आधी केली आणि दोष बाहेरच्या लाइनचा निघाला, तर आम्हाला बोलावायची गरजच उरत नाही.

परीक्षा अशी. घरातल्या सगळ्या फोनच्या पिना काढा. मोडेम खाली आणा, पहिल्या डब्यावर स्प्लिटरशिवाय थेट लावा. अर्धा तास तसाच ठेवा. दिवा स्थिर राहिला, तर बाहेरची लाइन चांगली, दोष घरातला, आम्हाला बोलवा. तिथेही दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा डीपी बॉक्सपासून (जिथून गल्लीतल्या घरांना तारा फुटतात तो डबा) एक्सचेंजपर्यंत कुठेतरी असतो. तक्रार टेलिफोन कंपनीकडे नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नंतर साधा फोन लावून एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि कान देऊन ऐका. शांतता असायला हवी. खरखर ऐकू आली तर लाइनमनला हेच सांगा की आकडा दाबल्यावरही खरखर येते. नुसते "नेट स्लो आहे" म्हटले तर त्यालाही काही कळत नाही.

ज्यांना मोडेमचे पान उघडता येते (बहुतेक मोडेममध्ये ब्राउझरात १९२.१६८.१.१ टाकून), त्यांनी तिथला एसएनआर मार्जिन बघावा, म्हणजे तारेवरच्या गडबडीपुढे सिग्नलला किती वाव उरला आहे तो आकडा. १० डेसिबलच्या वर असेल तर निश्चिंत राहा. ६ च्या खाली गेला की नेट तुटू लागते. आकडा एकदा पहिल्या डब्यावर बघा, एकदा वरच्या खोलीत बघा. दोन्हींत फरक जितका, तितकी तुमच्या घरातली वायर वाईट. आम्हीही हेच करतो, फक्त आमच्या माणसाला फरक बघून कोणत्या खोलीत शोधायचे ते कळते.

वायर कोणती? पिळाच्या जोडीची. वीजवाल्याकडे मिळणारी चपटी चार तारांची वायर फोनला चालते. मोडेमला तीन-चार मीटरपर्यंत कशीबशी चालते, त्यापुढे नाही. तारांना पीळ असतो तो दिसायला नव्हे. त्या पिळामुळे बाहेरची विजेची गडबड दोन्ही तारांवर सारखी पडते आणि मोडेम ती वजा करू शकतो. आणि बाहेरच्या गडबडीची नागपुरात काय कमी! वायर नळाचे पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपाच्या वायरीला बांधून नेलेली, कूलरच्या मोटारीमागून नेलेली, इन्व्हर्टरच्या डोक्यावर गुंडाळी करून ठेवलेली, हे सगळे आम्ही पाहिले आहे. एका घरी नेट रोज पहाटे साडेपाचला जायचे. नळ यायची वेळ ती.

कूलरचे आणखी एक. तार खिडकीतून आत घेतलेली असते आणि एप्रिलमध्ये त्याच खिडकीत कूलर बसतो. खसावरून पडणारे पाणी डब्यावर ठिबकते, आतले स्क्रू हिरवे होतात. उन्हाळाभर नेट बरे चालते, पावसाळ्यात बंद पडते आणि दोष पावसाला जातो. डबा कूलरपासून हातभर दूर घ्या, निदान त्याचे तोंड खाली करा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, मोडेम फ्रिजवर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका, दुपारी तो हँग होतोच. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे उन्हात तापलेल्या लांब लाइनवर दुपारचा वेग सकाळपेक्षा थोडा कमी दिसला तर घाबरू नका. मृगाच्या गडगडाटात मात्र मोडेमची विजेची पिन काढून थांबू नका, टेलिफोनची पिनही काढा. जळालेले बहुतेक मोडेम टेलिफोनच्या बाजूने जळालेले असतात.

ऑफिस-घर एकत्र असणाऱ्यांसाठी : ईपीएबीएक्सच्या (एका लाइनवरून आतले अनेक फोन जोडणाऱ्या यंत्राच्या) एक्स्टेन्शनवर ब्रॉडबँड चालत नाही. यंत्र फक्त आवाज पुढे पाठवते. स्प्लिटर यंत्राच्या आधी, बाहेरून आलेल्या लाइनवर लावावा लागतो.

नवी वायर टाकायला भिंत फोडायची नसेल, तर जुनी वायर उघडून बघू. पुष्कळ घरांत दोन जोड्यांची वायर टाकलेली असते आणि एकच जोडी वापरात असते. अशा वेळी एक जोडी मोडेमला देतो, दुसरीवरून वरचा फोन चालवतो. खर्च फक्त भेटीचा आणि दोन डब्यांचा. हे जमते तिथे आम्ही नवी वायर विकत नाही.

पण आमचे मत विचाराल तर टेलिफोनची तार घरात फिरवूच नका. मोडेम खाली पहिल्या डब्याशेजारीच राहू द्या आणि तिथून वर लॅन केबल न्या. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, पॅरललची भानगड नाही, फोन वाजला तरी तिला पत्ता नसतो. वर वायफाय हवे असेल तर केबलच्या टोकाला एक ॲक्सेस पॉइंट. उद्या गल्लीत फायबर आले तर हीच केबल कामाला येईल, आज टाकलेली टेलिफोनची वायर मात्र कचऱ्यात जाईल. केबल आम्ही मीटरवर देतो, टोके बसवून आणि तपासून देतो. स्वतः टाकणार असाल तरी टोके आमच्याकडून बसवून घ्या, आठ तारांचा क्रम चुकला की दिवा लागतो पण वेग मिळत नाही. आणि एक काळजी : टेलिफोनची लहान पिन लॅनच्या मोठ्या भोकात आरामात बसते. बसते म्हणून लावू नका, घंटीचे व्होल्ट आत गेले तर लॅन पोर्ट जळू शकतो.

आम्हाला बोलावण्याआधी घरात एकूण किती फोनचे डबे आहेत ते मोजून ठेवा, वापरात नसलेलेही. ब्रॉडबँडचे यूजरनेम आणि पासवर्ड शोधून ठेवा, मोडेम रीसेट झाला तर ते लागतात आणि ते आमच्याकडे नसतात. वरच्या खोलीतल्या मुलाला घरी थांबायला सांगा, कारण मोडेमच्या सेटिंगमध्ये त्याने काय काय केले आहे ते त्यालाच ठाऊक असते. आणि पहिला डबा लोखंडी कपाटामागे असेल तर कपाट आधीच रिकामे करून सरकवून ठेवा. आमचा माणूस एकटाच येतो.