प्रसूती रजेचा अर्ज परत का येतो

प्रसूती रजेचे अर्ज भरून घेण्यासाठी माझ्याकडे ज्या महिला येतात, त्यांपैकी कायद्याने अपात्र अशा थोड्याच असतात. बाकीच्यांचे अर्ज परत आलेले असतात ते चुकीच्या दारात दिल्यामुळे, नाहीतर तारीख चुकीच्या टोकाकडून मोजल्यामुळे. कारखान्याचे कार्यालय ई.एस.आय.कडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडे, बोट दाखवते, ई.एस.आय.ची शाखा कारखान्याकडे, आणि या येरझाऱ्यांत सातवा महिना उलटून जातो. त्यामुळे रजा किती मिळेल हे पाहण्याआधी पैसे कोण देणार, हे ठरवून घ्यावे.

पगारपत्रक काढून पाहावे. त्यात ई.एस.आय.ची ०.७५ टक्के कपात दिसत असेल, म्हणजे चौदा हजार पगारावर दरमहा १०५ रुपये जात असतील, तर रजेच्या काळातील रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. ही योजना मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनासाठी आहे. कपात नसेल तर रक्कम मालकाने द्यावयाची असते. कारखान्यांना, तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना हे बंधन आहे आणि मालकाकडून मिळणाऱ्या या लाभाला पगाराची कमाल मर्यादा नाही. यासाठीचा मूळ कायदा १९६१ चा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असली, तरी महत्त्वाचे आकडे तेच राहिले आहेत. नवीन कायदा आल्यामुळे जुनी रजा बंद झाली असे एखाद्या कारकुनाने सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे असून ते या लेखात घेतलेले नाहीत.

रजा २६ आठवड्यांची, म्हणजे रविवार धरून १८२ दिवसांची असते आणि तिच्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात. प्रसूतीपूर्वी आठऐवजी तीनच आठवडे घेतले तर उरलेले बुडत नाहीत, ते पुढे मिळतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची होते. तिसऱ्या खेपेला काहीच मिळत नाही, हा सर्रास पसरलेला गैरसमज आहे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे मिळतात.

आता तारखांकडे वळू. मालकाकडून लाभ घेण्यासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. हे बारा महिने जानेवारीपासून किंवा अर्जाच्या दिवसापासून मोजायचे नसून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मागे मोजायचे असतात, आणि भरपगारी सुट्ट्या व ले-ऑफचे, म्हणजे काम नसल्याने मालकाने घरी बसवलेले, दिवसही त्यात धरले जातात. ई.एस.आय.चे गणित याहून वेगळे आहे. तिथे लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहींत, मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान लागते. एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीतील अंशदानाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. मधल्या तीन महिन्यांचे हे अंतर कोणी समजावून सांगत नाही, आणि अर्ज नेमके तिथेच अडकतात.

समजा, कुपवाडच्या एका कारखान्यात एक महिला ६ ऑक्टोबर २०२५ रोजी आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीला लागली आणि तिची अपेक्षित तारीख १८ मे २०२६ आहे. मे महिना जानेवारी ते जून या लाभ कालावधीत येत असल्यामुळे तिच्यासाठी ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हे दोन कालावधी पाहिले जातील, आणि त्या दोन्हींत ती नोकरीतच नव्हती. दरमहा कपात होऊनही ई.एस.आय. तिला नकार देणार, आणि नियमाप्रमाणे तो नकार बरोबरच आहे. तो कागद घेऊन ती कारखान्यात गेली की तिथे तिला उत्तर मिळते, ‘तुमचं ई.एस.आय. आहे, आमचा संबंध नाही.’ हे उत्तर मात्र चूक आहे. संहितेच्या कलम ६१ प्रमाणे महिला ई.एस.आय.च्या प्रसूती लाभास पात्र होईपर्यंत मालकाची जबाबदारी कायम राहते. जुन्या कायद्यातही ही तरतूद होतीच. तिचे ८० दिवस केव्हाच भरलेले असल्याने पूर्ण २६ आठवड्यांची रक्कम कारखान्याने द्यायची आहे. म्हणून ई.एस.आय.चा नकार तोंडी न घेता लेखी घ्यावा, कारण कारखान्याकडील अर्जाला तोच जोडायचा असतो.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या कामावरील महिलांना नेमणूकपत्र दिले जात नाही आणि दर हंगामात ठेकेदाराचे नाव बदलते. रोजंदारी आहे म्हणून हक्क नाही, हे म्हणणे टिकत नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच त्यांना हा लाभ द्यावा असा निर्णय दिला आहे. अडते ते पुराव्यापाशी, कारण हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. त्यामुळे मजुरी बँकेत जमा होत असल्यास पासबुकातील नोंदी, गेटपास आणि सुपरवायझरने मोबाइलवर पाठवलेल्या हजेरीचे फोटो यांतले जे असेल ते पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावे.

मालकाला द्यायची नोटीस साध्या कागदावर चालते. रजा कोणत्या तारखेपासून हवी आहे, रक्कम कोणाला द्यावी आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढे तिच्यात असावे. नोटीस द्यायची राहिली तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्यावी, तेवढ्या कारणावरून हक्क जात नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच मात्र घ्यावीच, आणि शिक्का मारायला कोणी तयार नसेल तर पोस्टाने रजिस्टर पाठवून पावती ठेवावी. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते, हे कार्यालयांना ठाऊक नसते किंवा ठाऊक करून घ्यायचे नसते. मालकाने बाळंतपणापूर्वीची आणि नंतरची वैद्यकीय सोय मोफत केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही त्याच अर्जात मागावा.

आधी शिल्लक रजा संपवा, मग प्रसूती रजा देऊ, असेही सांगितले जाते. ही अट कायद्यात नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला मिळणाऱ्या ८ नैमित्तिक रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा हा स्वतंत्र हक्क आहे, तो प्रसूती रजेतून वळता करता येत नाही.

शेवटची अडचण आपल्या रीतीतून येते. पहिले बाळंतपण माहेरी असते. नोकरी साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त, माहेर माणमध्ये किंवा जतला, आणि तिथल्या नर्सिंग होममध्ये लहानपणापासून ओळखणारी नर्स केसपेपरवर सहजपणे माहेरचे नाव लिहून टाकते. डिस्चार्ज कार्डवर एक नाव, आधार आणि ई.एस.आय. कार्डवर दुसरे, आणि बँक खाते लग्नापूर्वीचे, असा अर्ज हमखास परत येतो. त्यासाठी माहेरी निघण्यापूर्वी ई.एस.आय. दवाखान्यात गरोदरपणाची नोंद करून दाखला घ्यावा, भरती होताना आधार कार्डाची झेरॉक्स देऊन त्याप्रमाणेच नाव लिहायला सांगावे, आणि बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत त्याच गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून घ्यावी. जन्मदाखल्यावरील आईचे नाव खिडकीसमोरून हलण्यापूर्वी वाचून पाहावे. ते जागेवरच दुरुस्त होऊ शकते. नंतर त्यासाठी तान्ह्या बाळाला घेऊन पुन्हा एस.टी.ने जावे लागते.