ऑनलाइन संदर्भसेवेचे खाते व पासवर्ड : बेळगाव सीमाभागातील ग्रंथालयीन साहाय्य

वाचकाने घरबसल्या प्रश्न पाठवायचा आणि ग्रंथपालाने शोधून लेखी उत्तर द्यायचे, या व्यवस्थेला ऑनलाइन संदर्भसेवा म्हणतात. बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने 1984 मध्ये ईमेलवर अशी सेवा सुरू केली. 2002 मध्ये अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस व ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सामायिक प्रणाली आणली. ज्या सेवांत विचारलेले प्रश्न वाचकाच्या खात्यावर साठतात, तिथे पासवर्ड विसरला की जुनी उत्तरेही अडकतात. मग वाचक काउंटरवर येतो.

बेळगावला वाचनालयाची परंपरा जुनी आहे. तिथले सार्वजनिक वाचनालय 1848 चे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकाची अडचण मात्र निव्वळ विसरभोळेपणाची नसते. सरकारी संकेतस्थळ उघडावे तर समोर कन्नड किंवा इंग्रजी. नावाचे रोमन स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ‘जन्मगाव कोणते?’ या सुरक्षा प्रश्नाचे उत्तर शहराच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने भरलेले असते आणि 2014 च्या नामांतरानंतर वाचक नवे टाकून पाहतो. यंत्राला दोन्ही एकच हे कळत नाही. असले प्रश्न मुळातच कच्चे. तांत्रिक मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शिकेत ते टाळायला सांगितले आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्तीही नको म्हटले. पासवर्डात किमान आठ अक्षरे हवीत, पण सहज ओळखता येणारी नकोत, असे त्यात म्हटले होते.

खरी गुंतागुंत मोबाइल नंबरची. आजोबांचे खाते पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर उघडलेले असले, तर ओटीपी पुण्याला जातो आणि आजोबा इथे ताटकळतात. बंद पडलेले सिम तर पुढे भलत्याच माणसाला मिळू शकते. म्हणून पहिली मदत पासवर्ड बदलण्याची नव्हे, तर खात्याला जोडलेला नंबर व ईमेल तपासण्याची असावी.

सर्व सभासदांचे पासवर्ड एका वहीत लिहून ती ग्रंथपालाच्या खणात ठेवणे सोयीचे वाटते, पण ती वही ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांची खाती. त्यापेक्षा वाचकाने स्वतःच्या कागदावर लिहून घरी जपलेला पासवर्ड बरा. ग्रंथपालाने वाट दाखवावी; अक्षरे वाचकानेच टाकावीत, आणि तेवढा वेळ ग्रंथपालाने नजर दुसरीकडे ठेवावी. ओटीपीही मोठ्याने विचारू नये. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66-क नुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाचनालयातला संगणक सगळ्यांचा. ‘पासवर्ड जतन करायचा का?’ असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा आणि उठण्यापूर्वी लॉगआउट करावे. संदर्भसेवेला विचारलेले प्रश्न आजाराचे, जमिनीच्या वादाचे किंवा सोयरिकीचेही असू शकतात. पुढच्या खुर्चीवर बहुधा ओळखीचाच माणूस बसतो.